वडिलांच्या कानातला मळ: थेंब, पाणी, तेल की सक्शन?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील ७१ वर्षांचे आहेत, त्यांना १८ वर्षांपासून मधुमेह आहे, रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू आहे आणि उजव्या कानाला श्रवणयंत्र आहे. दहा दिवसांपूर्वी डोक्यावरून अंघोळ केल्यावर डाव्या कानाला जे दडे बसले, ते अजून सुटलेले नाहीत. तरुणपणी एका कानाचे काहीतरी ऑपरेशन झाले होते, पण ते कोणत्या कानाचे, हे त्यांना आता नक्की सांगता येत नाही. औषधाच्या दुकानातून तुम्ही थेंब आणले आहेत, जवळच्या दवाखान्यात पिचकारीने पाणी मारून मळ काढून देतो असे म्हणाले आहेत, आत्या लसूण घालून कढवलेले तेल सोडायला सांगत आहेत आणि तुम्ही स्वतः टोकाला कॅमेरा असलेले कोरणे ऑनलाइन मागवले आहे. या चारांपैकी सुरक्षित उपाय कोणता, एवढेच तुम्हाला हवे आहे.

आजच्या घडीला या चारांपैकी एकही नाही, असे माझे उत्तर आहे. हे चारही उपाय टाकाऊ आहेत असे नाही. त्यांतले दोन मी कानाचा डॉक्टर म्हणून रुग्णांसाठी रोज वापरतो. परंतु कोणता उपाय सुरक्षित ठरेल हे मळ किती आणि कसा आहे यापेक्षा तो कोणत्या कानात आहे यावर अवलंबून असते, आणि तुमच्या वडिलांच्या कानाविषयी दोन महत्त्वाच्या गोष्टी अद्याप कोणालाच माहीत नाहीत. आत जे आहे ते खरोखर मळच आहे का, ही पहिली. आणि ऑपरेशन झालेला कान कोणता, ही दुसरी. मी कान न पाहता लिहितो आहे, त्यामुळे पुढचे सगळे या दोन प्रश्नांच्या आधाराने वाचावे.

आधी मळाविषयी थोडे. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश हाडाचा. मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणि केस फक्त बाहेरच्या भागात असतात. आतल्या भागात हाडावर अगदी पातळ कातडी ताणून बसवलेली असते आणि तिला धक्का लागला की लगेच दुखते, लगेच रक्त येते. म्हणजे पडद्याला चिकटलेला मळ आम्हाला दिसतो तेव्हा तो तेथे बहुतेक वेळा कोणीतरी ढकलून नेलेला असतो. कानाची कातडी पडद्यापासून बाहेरच्या दिशेने सावकाश, साधारण नख वाढते त्या गतीने सरकत असते आणि मळ तिच्याबरोबर आपोआप बाहेर येतो. चघळताना आणि बोलताना होणाऱ्या जबड्याच्या हालचालीची त्याला मदत होते. इअर बड, आगपेटीची काडी, गाडीची किल्ली, केसाची पिन ही सगळी या सरकत्या पट्ट्याच्या उलट दिशेने काम करणारी हत्यारे आहेत. बडच्या कापसाला थोडा पिवळा मळ लागलेला दिसला की माणसाला कान साफ झाल्याचे समाधान मिळते, पण त्याच्या कितीतरी पट मळ आत दाबून बसवलेला असतो.

मळाने नळी जवळजवळ भरली, तरी एक बारीक फट उरली असेल तर माणसाला बऱ्यापैकी ऐकू येत राहते. डोक्यावरून अंघोळ केली, पाणी आत गेले, मळ फुगला, ती फट बुजली आणि कान एकदम बंद झाला, ही मळाची अगदी ठरावीक कहाणी आहे. तुमच्या वडिलांची कहाणी तशीच आहे, म्हणून मळच असण्याची शक्यता मोठी आहे. तरीही मी तेथे थांबत नाही.

कान एकाएकी बंद होण्याचे दुसरे कारण म्हणजे ऐकण्याची नस किंवा आतला कान अचानक निकामी होणे. यात कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त दडे बसल्यासारखे वाटते आणि बहुतेक वेळा आत शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो. माणूस म्हणतो, मळ झाला असेल. दुकानदार थेंब देतो, आठवडा जातो. थेंब बदलतात, आणखी एक आठवडा जातो. आणि मग तो आमच्याकडे येतो तेव्हा नळी स्वच्छ असते, पडदा छान चमकत असतो आणि कान मात्र गेलेला असतो. या आजारावर स्टेरॉइडचे उपचार आहेत, पण ते पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर त्यांचा उपयोग होण्याची आशा जास्त असते आणि दोन आठवड्यांनंतर ती फार कमी होते. तुमचे दहा दिवस गेले आहेत. म्हणून मळाची शक्यता जास्त असूनही कान उद्याच्या उद्या दाखवावा, असा आग्रह मी धरतो. मधुमेहात स्टेरॉइडच्या गोळ्यांनी साखर भडकते, त्यामुळे गरज पडलीच तर पडद्यातून आत इंजेक्शन देण्याचा मार्गही असतो. ते त्या वेळी ठरवता येईल.

घरच्या घरी थोडा अंदाज घेण्याची एक युक्ती आहे. वडिलांना तोंड मिटून एका स्वरात गुणगुणायला सांगा आणि तो आवाज कोणत्या कानात जास्त घुमतो ते विचारा. नळी मळाने बुजली असेल तर स्वतःचा आवाज बंद कानात जास्त घुमतो. नसेचा दोष असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. आम्ही कपाळाच्या मध्यावर ट्यूनिंग फोर्क, म्हणजे कंप पावणारा धातूचा चिमटा, ठेवून जे पाहतो, त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे. पण तुमच्या वडिलांच्या दोन्ही कानांची श्रवणशक्ती मुळातच सारखी नाही, उजवा आधीच कमजोर आहे, म्हणून ही खूण त्यांच्या बाबतीत अर्धीच भरवशाची आहे. आवाज उजवीकडे जातो असे ते म्हणाले तर मात्र उद्याचीही वाट पाहू नका.

तिसरी शक्यता पावसाळ्यात आमच्याकडे रांग लावून येते, ती म्हणजे बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते ऑक्टोबर या काळात मळ समजून आलेल्या कानांत मला ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा करडा थर आणि त्यावर काळे ठिपके कितीतरी वेळा दिसतात. येथे मुख्य तक्रार खाजेची असते, नंतर दुखण्याची. मधुमेही माणसाला ही बुरशी लवकर जडते आणि कानात तेल किंवा पाणी गेले की ती आणखी फोफावते. आत्यांच्या तेलाला माझा पहिला आक्षेप हाच आहे. दुसरा आक्षेप उष्णतेचा: पळीत कढवलेले तेल कोमट झाले की नाही हे बोटाला कळते तेवढे पडद्याला सोसेल असे नाही आणि भाजलेले पडदे मी पाहिले आहेत. लसणामुळे कातडीची आग होते ती वेगळीच. आत्यांचा हेतू चांगला आहे आणि त्यांच्या लहानपणी तालुक्यालाही कानाचा डॉक्टर नव्हता, हे मी समजू शकतो.

आता ऑपरेशनकडे वळतो, कारण सगळा निर्णय तेथे अडकलेला आहे. वडिलांना उजेडात बसवा आणि दोन्ही कानांच्या मागे, पाळी डोक्याला जेथे चिकटते त्या घडीत बोट फिरवून पाहा. तेथे बारीक, पांढरट, उभी वण असलेली रेषा लागली किंवा कानामागचे हाड एका बाजूला खोलगट वाटले, तर तो कान ऑपरेशनचा. वण सापडली नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण काही ऑपरेशने नळीतून किंवा कानाच्या पुढच्या बाजूने छोटी चीर घेऊनही होतात. मग आठवणींना हात घाला. लहानपणी कान फुटायचा का? कोणत्या बाजूची उशी खराब व्हायची? ऑपरेशननंतर विहिरीत पोहायला बंदी केली होती का, अंघोळीच्या वेळी कापसाला व्हॅसलीन लावून कानात घालायला सांगितले होते का? कोणता कान, हे विसरलेले रुग्णही कापूस कोणत्या बाजूला घालायचे ते बरोबर सांगतात, असा माझा अनुभव आहे.

याची एवढी चौकशी का, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. शिकाऊ डॉक्टर असताना बाहेरच्या गावी एका शिबिरात मी कान धुण्याच्या कामावर होतो. पितळी पिचकारी, शेजारी किटलीत गरम केलेले पाणी आणि समोर मोठी रांग. एका मध्यमवयीन शेतकऱ्याच्या कानात काळाकुट्ट, कडक मळ होता. मी विचारले, कान दुखतो का? ते नाही म्हणाले. कानाचे कधी ऑपरेशन झाले आहे का, हे मी विचारले नाही आणि कानामागे पाहिलेही नाही. पहिल्याच पिचकारीला त्या गृहस्थांचे डोळे एका बाजूला झटके देऊ लागले, त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि ते तेथेच ओकले. मागाहून मळाखाली दिसले ते हाड कोरून केलेली जुनी पोकळी. मास्टॉइडच्या, म्हणजे कानामागच्या हाडाच्या, अशा ऑपरेशनमध्ये आतल्या कानाची तोल सांभाळणारी एक अर्धवर्तुळाकार नळी जवळजवळ उघड्यावर येते आणि तिच्यावर थोड्या थंड किंवा थोड्या गरम पाण्याचा फवारा पडला तरी माणूस भोवंडून जातो. ते गृहस्थ दोन तासांत सावरले, पण ती दुपार मी विसरलेलो नाही.

सर्वसाधारण कानातही पाण्याचे तापमान चुकले तर भोवळ येते. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी रुग्णांचे कान धूत असताना त्यांना हेच दिसले: पाणी थंड असले की डोळे एका दिशेने झटके देतात, जास्त गरम असले की विरुद्ध दिशेने, आणि शरीराच्या तापमानाचे असले की काहीच होत नाही. त्यातून तोल तपासण्याची जी पद्धत निघाली ती आजही वापरात आहे आणि अंतःकर्णाच्या तोलयंत्रणेवरील त्यांच्या कामाला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून पाणी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे हा नियम झाला. तरी नळाचे पाणी तसेच पिचकारीत भरणारे दवाखाने आहेत.

पाण्याने कान धुणे ही पद्धत मुळात वाईट नाही. पडदा शाबूत आहे, कधी कान वाहिलेला नाही, ऑपरेशन झालेले नाही, मधुमेह नाही, दुसरा कान चांगला आहे, अशा माणसाचा मऊ केलेला मळ पाण्याने दोन मिनिटांत निघतो आणि दुखतही नाही. पाळी वर आणि मागे ओढून नळी सरळ करायची आणि धार थेट पडद्यावर न मारता नळीच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारायची, म्हणजे पाणी मळाच्या पाठीमागे जाऊन त्याला बाहेर ढकलते. अडचण हाताच्या पिचकारीत आहे, कारण अंगठ्याने दिलेला दाब किती झाला हे मारणाऱ्यालाही कळत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांचा मळ हाताच्या पिचकारीने काढू नये असे स्पष्ट म्हटले आहे आणि त्याऐवजी दाब नियंत्रित करणारे विद्युत यंत्र किंवा सूक्ष्मदर्शकाखालचे सक्शन, म्हणजे बारीक नळीने मळ ओढून घेणे, सुचवले आहे. आपल्याकडे लहान गावांत ही यंत्रे सर्वत्र नाहीत आणि अनुभवी हाताने जपून केलेली पिचकारी हजारो लोकांना निभावते, हेही खरे आहे. तुमच्या वडिलांना मात्र ती नको, आणि त्याची तीन स्वतंत्र कारणे आहेत. पडद्याची आणि ऑपरेशनची स्थिती माहीत नाही, हे पहिले. उजवा कान यंत्राशिवाय चालत नाही, म्हणजे आज बंद झालेला डावा कान हाच त्यांचा चांगला कान आहे आणि चांगल्या कानाशी धोका पत्करायचा नसतो, हे दुसरे. तिसरे कारण मधुमेहाचे आहे आणि ते मला सर्वांत जास्त काळजीचे वाटते.

अनेक वर्षांचा मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाच्या नळीत पाणी साचून राहिले आणि धारेने कातडी थोडी सोलवटली, तर स्यूडोमोनास नावाचा जंतू तेथे घर करतो आणि कातडीवरून कवटीच्या तळच्या हाडात उतरू शकतो. याची सुरुवात साधी वाटते: कान थोडा वाहतो, दुखतो. पण हे दुखणे रात्री झोपू देत नाही, जबड्याकडे आणि डोक्याकडे जाते, गोळीने थांबत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर चेहऱ्याची नस लुळी पडून तोंड वाकडे होते. अनेक आठवडे प्रतिजैविके घ्यावी लागतात. हे क्वचित घडते. पण ज्यांच्या बाबतीत घडते त्यांतले बरेच जण तुमच्या वडिलांसारखेच मधुमेही ज्येष्ठ असतात आणि काही वेळा कान धुतल्याचा इतिहास मिळतो. म्हणून मधुमेही रुग्णाचा मळ मी शक्यतो कोरडाच काढतो. पाणी वापरावेच लागले तर नंतर कान पूर्ण कोरडा करतो आणि पुढच्या आठवड्यात ठणका लागला तर लगेच यायला बजावतो.

थेंबांविषयी लोकांचे समज दोन्ही टोकांचे आहेत. काहींना वाटते थेंबांनी मळ विरघळून नाहीसा होतो, काहींना ते निव्वळ पैसे घालवणे वाटते. थेंब मळाला मऊ करतात. त्यानंतर तो स्वतःहून बाहेर येईल किंवा काढायला सोपा जाईल. सोडियम बायकार्बोनेटचे, ग्लिसरीनचे, डॉक्युसेटचे, हायड्रोजन पेरॉक्साइडचे, साध्या ऑलिव्ह तेलाचे, असे अनेक प्रकार आहेत. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली अशा थेंबांवरच्या दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा, एवढेच काय, साध्या पाण्यापेक्षा किंवा सलाइनपेक्षा हे थेंब नक्की चांगले असल्याचाही ठोस पुरावा मिळाला नाही. त्यामुळे महागडी बाटली शोधण्यात अर्थ नाही. आपल्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या काही थेंबांत मात्र पॅराडायक्लोरोबेन्झीन, टर्पेंटाइन आणि बधिर करणारे औषध एकत्र असते. मळ त्यांनी सुटतो, पण पडद्याला भोक असेल तर ते आत झोंबतात आणि सोलवटलेल्या कातडीची आग करतात. तुमच्या बाटलीवर यांपैकी काही लिहिले असेल, तर कान पाहून होईपर्यंत ती उघडू नका.

ज्यांचा कान निर्धोक आहे असे कोणी पाहून सांगितले आहे, त्यांनी थेंब असे वापरावेत: बाटली काही मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी, बंद कान वर येईल असे कुशीवर निजावे, चार-पाच थेंब सोडावेत आणि पाच ते दहा मिनिटे तसेच पडून राहावे. दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस. कानात कापसाचा बोळा कोंबून ठेवू नये, कारण थेंब कापूसच पितो. आणि एक सूचना मी प्रत्येकाला देतो, कारण ती न दिल्यामुळे रात्री फोन येतात: पहिले दोन दिवस मळ फुगल्याने कान आणखी बंद वाटू शकतो, त्याला घाबरायचे नाही. दुखू लागले, पाणी वाहू लागले, गरगरले किंवा थेंब घशात उतरल्यासारखे वाटले, तर मात्र लगेच थांबायचे. थेंब घशात उतरणे म्हणजे पडद्याला भोक असल्याची जवळजवळ खात्रीच.

मेणबत्तीसारखी पोकळ नळी कानात लावून पेटवण्याचे प्रकार काही स्पा केंद्रांत चालतात. त्यात मळ वर ओढला जात नाही. नळीत शेवटी दिसणारा पिवळा पदार्थ त्या मेणबत्तीचाच असतो आणि भाजण्याची भीती खरी असते. स्थानकाबाहेर लाल टोपी घालून कान कोरून देणाऱ्यांविषयी एवढेच म्हणेन की, त्यांचा हात कधी कधी माझ्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा स्थिर असतो, पण एकाचे कोरणे दुसऱ्याच्या कानात धुतल्याविना जाते.

कॅमेऱ्याच्या कोरण्याचा मोह मला समजतो, कारण फोनवर दिसणारे चित्र फार स्पष्ट असते. पण ते चित्र सपाट असते; कोरण्याचे टोक पडद्यापासून एक मिलिमीटरवर आहे की पाच, हे त्यात कळत नाही. आम्ही सूक्ष्मदर्शक वापरतो तो केवळ मोठे दिसावे म्हणून नव्हे, तर दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यामुळे खोली कळते म्हणून. शिवाय नळीच्या भिंतीला स्पर्श झाला की काही लोकांना एकदम खोकला येतो, कारण छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या वेगस नसेची एक बारीक फांदी कानात आलेली असते. आत कोरणे असताना वडिलांना असा खोकल्याचा झटका आला तर काय होईल, ते मी वेगळे लिहीत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना छोटा ओरखडाही बराच वेळ वाहतो.

उरले सक्शन आणि हत्याराने मळ काढणे. तुमच्या वडिलांसाठी मी हेच निवडले असते. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सक्शनच्या नळीने, लहान हुकने किंवा चिमट्याने मळ कोरडाच उचलला जातो, पाणी आत जात नाही, आणि जेथे जेथे पुढे सरकतो तेथे काय आहे ते दिसत असते. वाटेत पडद्याचे भोक किंवा जुनी पोकळी लागली तर तेथेच थांबता येते. यातही उणिवा आहेत. सक्शनचा आवाज कानात खूप मोठा वाटतो. हवेच्या गारव्याने क्षणभर गरगरू शकते, विशेषतः ऑपरेशनच्या कानात. मळ दगडासारखा असेल तर दुखते. अशा वेळी जबरदस्ती न करता, पडदा सुरक्षित आहे असे दिसल्यास चार दिवस योग्य थेंब देऊन पुन्हा बोलावणे शहाणपणाचे. ‘एका फेरीतच काढा’ असा आग्रह रुग्णाच्या घरच्यांनी धरू नये. कोणीही करताना दुखले तर लगेच हात वर करायचा, एवढे वडिलांना आधी सांगून ठेवा. डोके झटकन बाजूला घेणे सर्वांत धोक्याचे.

थोडक्यात तुमच्यासाठी क्रम असा. आज गुणगुणून पाहणे, कानामागे बोट फिरवणे, थेंब-तेल-कोरणे बाजूला ठेवणे. उद्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे, शक्यतो जेथे सूक्ष्मदर्शक आणि सक्शन आहे तेथे. फोनवर वेळ घेतानाच ते विचारून घ्या. विचारण्यात संकोच नको. गेल्यावर पहिल्या दोन वाक्यांत तीन गोष्टी सांगा: मधुमेह, रक्त पातळ करण्याची गोळी आणि जुने ऑपरेशन. गोळी मळासाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. ती हृदयासाठी किंवा मेंदूसाठी दिलेली असते आणि कानातल्या थेंबभर रक्तापेक्षा ती बंद केल्याचा धोका फार मोठा आहे. डॉक्टरांना माहीत असले की ते हात हलका ठेवतात.

उजवा कानही त्याच वेळी पाहून घ्या, हे मात्र विसरू नका. श्रवणयंत्राचा साचा दिवसभर नळीत बसलेला असल्यामुळे मळाची बाहेर येण्याची वाट अडते, आणि यंत्राला शिट्टी येऊ लागली किंवा आवाज कमी वाटू लागला की लोक आधी बॅटरी बदलतात, मग यंत्र दुरुस्तीला देतात, आणि दोष शेवटी मळात निघतो. यंत्र वापरणाऱ्यांचे कान मी दर चार-सहा महिन्यांनी पाहतो. डाव्या कानात जुनी पोकळी निघाली, तर तेथली कातडी आपणहून मळ बाहेर ढकलू शकत नाही, म्हणून त्या कानालाही तसेच ठरावीक अंतराने दाखवावे लागेल. तसे दाखवावे लागले म्हणजे कानाचा जुना आजार परत आला, असे समजू नका. दोन्ही कान सामान्य निघाले आणि वडिलांनी बड वापरणे सोडले, तर कदाचित काही वर्षे काहीच करावे लागणार नाही. अंघोळीनंतर टॉवेलचे टोक बोटावर घेऊन बाहेरचा भाग पुसणे, एवढी स्वच्छता पुरते.

कान साफ झाल्यावर लगेच उठून घरी येऊ नका. वडिलांना ऐकू येऊ लागले का, हे तेथेच विचारा, आणि ‘थोडे बरे वाटते’ अशा उत्तरावर समाधान न मानता त्याच भेटीत श्रवणचाचणी करून घ्या. मळ निघूनही डाव्या कानाला कमीच ऐकू येत असेल, तर दहा दिवसांपूर्वी जे झाले ते नुसत्या मळाने झालेले नव्हते, आणि पुढचा निर्णय त्याच दिवशी घ्यावा लागेल. जाताना श्रवणयंत्र, गोळ्यांची पाकिटे आणि ऑपरेशनचा एखादा जुना कागद घरात सापडला तर तोही बरोबर असू द्या.